कम्युनिटी कॉलेजात २१ युनिट: अर्जापासून सर्टिफिकेटपर्यंत

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांपर्यंतचं शिक्षण देणारं सरकारी कॉलेज) माझं अकाउंटिंगचं २१ युनिटचं (युनिट हे इथलं कोर्स मोजायचं माप) सर्टिफिकेट डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण झालं. हाताशी पुण्याचं जुनं बी.कॉम., पासपोर्टवर एच-४ व्हिसा (एच-१बी नोकरीवाल्याच्या जोडीदाराचा) आणि मध्ये शिक्षणात मोठा खंड, अशा अवस्थेत सुरुवात करणारे आपल्याकडचे खूप जण असतात. अडतातही सगळे साधारण त्याच चार-पाच ठिकाणी. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते आहे. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत, दुसऱ्या राज्यात फी आणि तारखा वेगळ्या असतात.

मार्च २०२४ चा पहिला आठवडा कॅटलॉग, म्हणजे कॉलेजाची कोर्स आणि नियमांची पुस्तिका, वाचण्यात गेला. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. प्रवेशाला टक्केवारी लागत नाही, वय अठरा पूर्ण असलं तरी पुरतं. गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने. एकाच छपराखाली चार दुकानं आहेत आणि वेबसाइटवर चारही एकमेकांत मिसळलेली दिसतात. पहिलं ट्रान्स्फरचं: इथे दोन वर्षं शिकायचं आणि पुढची दोन युनिव्हर्सिटीत. दुसरं नोकरीचं: अकाउंटिंग, नर्सिंग, वेल्डिंग, ऑटो, बालशिक्षण. तिसरं नॉनक्रेडिट: इंग्रजी, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी, हायस्कूल समकक्ष परीक्षा. याला फी नाही. चौथं कम्युनिटी एज्युकेशन: छंदवर्ग, फी वेगळी, क्रेडिट शून्य. चौथ्या दुकानातला ‘बुककीपिंग’ आणि दुसऱ्यातला ‘बुककीपिंग’ यांची नावं सारखी असली, तरी चौथ्यातल्याचा ट्रान्स्क्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) मागमूसही राहत नाही. कोर्सपुढे नंबर आणि युनिट छापलेले आहेत का, एवढं बघितलं तरी फसगत टळते.

आपल्या बायकांमध्ये डेकेअरच्या नोकरीसाठी बालशिक्षणाचे कोर्स करणाऱ्याही बऱ्याच दिसतात. खासगी डेकेअरमध्ये पूर्ण पात्र शिक्षिका व्हायला त्यातले १२ युनिट लागतात. ते विशिष्ट विषयांतलेच असावे लागतात, त्यामुळे कुठलेही चार कोर्स उचलून चालत नाहीत. नर्सिंगचं गणित निराळंच आहे. आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, मग जागांसाठी चुरस. ‘प्रवेश सगळ्यांना खुला’ हे कॉलेजापुरतं खरं आहे, नर्सिंगच्या वर्गाला ते लागू नाही.

अर्ज ‘सीसीसीअप्लाय’ या राज्याच्या एकाच पोर्टलवर होतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. भरायला पाऊण तास लागला. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरायचं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आडनावही वेगळं. इथे एकदा वेगळं नाव गेलं की पुढे प्रत्येक खिडकीवर मॅरेज सर्टिफिकेट दाखवत बसावं लागतं. ‘पूर्वीचं नाव’ असा वेगळा रकाना अर्जात असतो. तो रिकामा सोडू नका.

अर्ज गेला की एक-दोन दिवसांत विद्यार्थी क्रमांक येतो असं सगळे सांगतात. आमचा सहा दिवस आला नाही. आर्थिक मदतीचे पैसे लाटण्यासाठी खोट्या नावांनी अर्ज करणाऱ्या टोळ्यांमुळे कॉलेजं आता संशयास्पद वाटलेले अर्ज बाजूला काढून तपासतात, आणि त्यात खरेही अडकतात. चार दिवसांत मेल आली नाही तर स्पॅम फोल्डर बघायचा, तिथेही नसेल तर सरळ ‘अ‍ॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्स’च्या खिडकीवर ओळखपत्र घेऊन जायचं. फोनवर पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर जे काम झालं नाही, ते खिडकीवर पाच मिनिटांत झालं.

क्रमांक आला आणि सोबत पहिला धक्काही: स्थिती ‘अनिवासी’. रहिवासी विद्यार्थ्याला एका युनिटला ४६ डॉलर पडतात आणि हा दर २०१२ पासून तसाच आहे. (फुटहिल, डी अँझा आणि लेक टाहो ही तीन कॉलेजं क्वार्टर पद्धतीची आहेत, तिथे क्वार्टर युनिटला ३१ डॉलर.) अनिवासी विद्यार्थ्याला त्यावर युनिटमागे तीनशेहून जास्त डॉलर भरावे लागतात. म्हणजे चार युनिटचा जो कोर्स १८४ डॉलरचा, तोच दीड हजाराच्या आसपास जातो.

नियम असा: सत्राच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवशी तुम्हाला राज्यात राहून एक वर्ष आणि एक दिवस झालेला हवा, आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसायला हवा. एच-१बी आणि एच-४ वाल्यांना हा रहिवास सिद्ध करता येतो, एफ-१ (विद्यार्थी) आणि पर्यटक व्हिसावाल्यांना येत नाही. मुक्काम जुलै २०२३ पासूनचा आणि सत्र २६ ऑगस्ट २०२४ ला सुरू, म्हणजे मुदत भरत होती. चूक अर्जातच होती. ‘कॅलिफोर्नियात कधीपासून राहता’ या रकान्यात व्हिसाच्या मंजुरीची तारीख गेली होती, ती अलीकडची. रहिवास फेरतपासणीचा फॉर्म, राज्याचं टॅक्स रिटर्न (पहिलं, अर्ध्याच वर्षाचं असल्यामुळे ५४०एनआर हा फॉर्म), भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स आणि आय-७९७ (व्हिसाच्या मंजुरीचा कागद) इतकं अपलोड केलं. नऊ दिवस लागले. भाडेकरारावर फक्त नवऱ्याचं नाव असेल तर तो तुमचा पुरावा धरत नाहीत. वीजबिल किंवा बँकखातं तरी आल्या आल्या दोघांच्या नावावर करून ठेवा, वर्षभराने त्याची किंमत कळते. आणि हे फेरतपासणीचं काम सत्र सुरू व्हायच्या आत उरका, मागच्या सत्राचे पैसे सहसा परत करत नाहीत.

व्हिसाचं एक सांगून टाकते. एच-४ वर शिकायला एफ-१ घ्यावा लागत नाही, एक कोर्स घ्या नाहीतर पाच. एफ-१ घेतला तर दर सत्राला १२ युनिट सक्तीचे आणि फी अनिवासी. मात्र फेडरल आर्थिक मदत, म्हणजे पेल ग्रँट (परत न करायचं अनुदान) किंवा वर्क-स्टडी (शिकतानाचं पगारी काम), एच-४ ला मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर फाफसाचा, म्हणजे या मदतीच्या अर्जाचा, फॉर्म जरूर भरा. ‘आमचं उत्पन्न जास्त आहे’ हे आपलं आपणच ठरवून बरेच जण तो भरत नाहीत. तसं करू नका.

एप्रिलमध्ये काउन्सेलर. हा माणूस मानसोपचारवाला नव्हे, कोर्सची आखणी करून देणारा प्राध्यापक दर्जाचा कर्मचारी. ड्रॉप-इन भेट पंधरा मिनिटांची असते आणि तिच्यात एखाद्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. शिक्षणाचा पूर्ण आराखडा करायचा तर आधी वेळ घेऊन जावं लागतं. त्या वेळा आमच्याकडे सोमवारी सकाळी आठला उघडायच्या आणि साडेआठला संपायच्या. हा आराखडा नुसती औपचारिकता नाही: ओरिएंटेशन, प्लेसमेंट (कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणं) आणि आराखडा तिन्ही झालेल्या नव्या विद्यार्थ्याला नोंदणीची तारीख लवकरची मिळते. इंग्रजी-गणिताच्या प्लेसमेंटला आता परीक्षा नाही. २०१७ च्या एका कायद्यानंतर हायस्कूलचे गुण बघतात आणि बाहेरच्या देशातल्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतात.

काउन्सेलरने कागदावर तीन रांगा आखल्या. फॉल (ऑगस्ट ते डिसेंबरचं सत्र) २०२४: फायनान्शियल अकाउंटिंग ४ युनिट, एक्सेल ३. स्प्रिंग २०२५: मॅनेजेरियल अकाउंटिंग ४, बिझनेस लॉ ३. फॉल २०२५: इन्कम टॅक्स ४, क्विकबुक्स (हिशेबाचं सॉफ्टवेअर) ३. एक युनिट म्हणजे आठवड्याला सरासरी तीन तास, एक वर्गात आणि दोन घरी. सात युनिट म्हणजे एकवीस तास. बी.कॉम. आहे, सोपं जाईल, असं म्हणून पहिल्याच सत्रात बारा युनिट घेणाऱ्यांतले कितीतरी नोव्हेंबरात एखादा कोर्स सोडताना दिसतात.

आपली जुनी डिग्री धरतात का? इथे वेळ आणि पैसा दोन्ही वाया गेला, म्हणून नीट सांगते. परदेशी डिग्रीचं मूल्यमापन सहसा नेसेसच्या (अशा मूल्यमापन संस्थांची संघटना) सभासद संस्थेकडून करावं लागतं. त्यासाठी विद्यापीठाचा ट्रान्स्क्रिप्ट थेट विद्यापीठाकडून जावा लागतो. विद्यापीठाचे सहा आठवडे, संस्थेचे तीन, आणि खर्च इथल्या चार युनिटच्या फीहून जास्त. अहवाल आला, पण सर्टिफिकेटसाठी त्यातलं काहीच कामी आलं नाही. बी.कॉम.चा मर्कंटाइल लॉ भारतीय कायद्याचा, तेव्हा बिझनेस लॉ करायचाच होता. अकाउंटिंग दहा वर्षांपूर्वीचं आणि वेगळ्या पद्धतीचं, तेव्हा तेही. ६० युनिटची असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री करायची असेल तर सामान्य शिक्षणाच्या विषयांत काही कॉलेजं सूट देतात. आधी काउन्सेलरला मार्कशीटच्या साध्या झेरॉक्स दाखवा, तो ‘मागवा’ म्हणाला तरच मागवा.

नोंदणीची तारीख जूनच्या शेवटची मिळाली. क्रम ठरलेला असतो: माजी सैनिक, अपंग विद्यार्थी आणि काही खास योजनांतले आधी, मग जुने विद्यार्थी, मग नवे. तोवर संध्याकाळचा अकाउंटिंगचा वर्ग भरलेला होता. वेटलिस्टवर सातवा नंबर लागला. वेटलिस्ट आपोआप सरकते, पण तीन कारणांनी तुम्हाला वगळून पुढच्याला घेते आणि कोणी कळवत नाही: त्याच वेळेचा दुसरा वर्ग घेतलेला असेल, पूर्वअट पूर्ण झालेली दिसत नसेल, किंवा खात्यावर जुनी बाकी असेल. पहिला दिवस उजाडला तेव्हा नंबर दोन होता. वर्गात गेलेच. भिंतीला टेकून नऊ जण उभे होते. हजेरीत जे आले नाहीत त्यांची नावं प्राध्यापकांनी तिथल्या तिथे कापली आणि वेटलिस्टच्या क्रमाने छोट्या चिठ्ठ्यांवर वर्गात नाव घालायचे अ‍ॅड कोड वाटले. कोड हातात आला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. तो पोर्टलवर स्वतः टाकायचा असतो आणि त्याला मुदत असते. शेजारच्या मुलाने ‘वीकेंडला टाकतो’ म्हणून ठेवला, सोमवारी कोड बाद. ऑनलाइन वर्गात पहिल्याच आठवड्यात लॉगिन करून पहिली असाइनमेंट दिली नाही तर तुमचंही नाव असंच कापतात.

फी: सात युनिटचे ३२२ डॉलर, आरोग्य शुल्क वेगळं, विद्यार्थी प्रतिनिधित्वाचे २ डॉलर (नको असतील तर फॉर्म भरून माफ होतात), पार्किंग वेगळं. फी लगेच भरा, काही कॉलेजं न भरणाऱ्याची नोंदणी रद्द करतात. पुस्तकाच्या बाबतीत वेळापत्रकातच बघा, विनाखर्च साहित्य असलेल्या वर्गांपुढे खूण असते. ओपनस्टॅक्सचं अकाउंटिंगचं पुस्तक फुकट आहे आणि चांगलं आहे. खरा फटका बसतो तो ऑनलाइन होमवर्कच्या कोडचा, कारण तो सेकंडहँड मिळत नाही. बहुतेक कोडना दोन आठवड्यांची मोफत मुदत असते. वर्ग टिकवायचा हे पक्कं झाल्यावरच विकत घ्या.

हे दोन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. पूर्ण सत्राच्या कोर्सचा परतावा पहिल्या दोन आठवड्यांतच मिळतो. कमी मुदतीच्या कोर्सला एकूण काळाच्या फक्त १० टक्के, म्हणजे चार आठवड्यांच्या उन्हाळी कोर्सला जेमतेम तीन दिवस. त्यानंतर साधारण २० टक्के सत्र झालं की सेन्सस, म्हणजे वर्गाची अधिकृत पटनोंद. त्याआधी सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर काही दिसत नाही. सेन्ससनंतर सोडलं तर ‘डब्ल्यू’ (कोर्स सोडल्याची नोंद), आणि तेही ७५ टक्के सत्र होईपर्यंतच, म्हणजे फॉलमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पुढे जो येईल तो ग्रेड. वर्गात जायचं बंद केलं की आपोआप नाव निघतं, ही समजूत घातक आहे. नाव निघत नाही, ‘एफ’ (नापास) येतो. एक-दोन डब्ल्यूंनी बिघडत नाही, पण घेतलेल्या युनिटांपैकी निम्मे तसेच गेले की प्रगतीबद्दल नोटीस येते, आणि तोच कोर्स सहसा तीनदाच घेता येतो.

अभ्यासात अडचण आली ती अवघडपणाची नव्हे, सवयीची. इथे ‘स्टॉक’ म्हणजे शेअर. आपल्या स्टॉकला ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात. डेटर्स म्हणजे ‘अकाउंट्स रिसीव्हेबल’. शेअर प्रीमियम इथे ‘अ‍ॅडिशनल पेड-इन कॅपिटल’ होतो. ताळेबंदात आपण जुन्या पद्धतीत जबाबदाऱ्या डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे लिहायचो, आणि सुरुवात जमीन-इमारतीपासून. इथे मालमत्ता आधी आणि त्यातही रोकड सगळ्यात वर. पहिल्या क्विझमध्ये एका उत्तराला शून्य मिळालं. आकडा बरोबर होता, स्वल्पविराम १,२५,००० असा होता. सॉफ्टवेअरला ते १२५,००० असं हवं होतं. तारखेतही तेच: ३/४ म्हणजे चार मार्च, तीन एप्रिल नव्हे. जर्नल एंट्रीच्या क्रमात हे चुकलं की पुढचं सगळं घसरतं.

मदत भरपूर आहे, पण ती दाराशी चालत येत नाही आणि प्रत्येक मदतीची खिडकी वेगळी. ट्युटरिंग फुकट असतं. आमच्या सेंटरमध्ये अकाउंटिंगचा ट्युटर फक्त मंगळवार-गुरुवार बसायचा, परीक्षेच्या आठवड्यात रांग जिन्यापर्यंत. सोडवून आणलेला अर्धवट प्रश्न पुढे ठेवला तर वीस मिनिटांत काम होतं. ‘चॅप्टर चार कळला नाही’ म्हटलं तर तासही अपुरा. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सला जाणं म्हणजे तक्रार किंवा लाचारी नव्हे, ती वेळ त्यासाठीच राखलेली असते. आपल्याला हे पचायला एक सत्र लागतं. ग्रंथालयात पाठ्यपुस्तकाची प्रत रिझर्व्हवर असते, दोन तास तिथेच बसून वाचायला. लॅपटॉप आणि कॅल्क्युलेटर सत्रभर उसने मिळतात, पण पहिल्या आठवड्यात संपतात. आरोग्य शुल्कात नर्सकडे जाणं आणि मानसिक आरोग्याच्या समुपदेशनाच्या ठरावीक भेटी येतात. पैसे भरलेलेच आहेत, वापरा.

डीएसपीएस हा अपंग विद्यार्थ्यांचा विभाग, पण अपंग या शब्दाने बिचकू नका. डिस्लेक्सिया, एडीएचडी, ऐकायला कमी येणं, दीर्घ आजार, सगळं त्यात बसतं. परीक्षेला सहसा दीडपट वेळ मिळतो, नोट्ससाठी मदत मिळते. डॉक्टरांचा कागद लागतो आणि तो मंजूर झाल्यानंतरच्या परीक्षांनाच सवलत लागू होते. म्हणून सत्राच्या आरंभीच जा. ईओपीएस ही १९६९ पासूनची योजना: कमी उत्पन्नाच्या, शिक्षणात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकांसाठी पैसे, वेगळा काउन्सेलर आणि लवकरची नोंदणी. सहसा पूर्णवेळ, म्हणजे १२ युनिट घ्यावे लागतात. आणि बेसिक नीड्स सेंटर २०२२ पासून प्रत्येक कॉलेजात कायद्यानेच आहे. तिथल्या पँट्रीत आयडी दाखवून धान्य, दूध, भाजी घेता येते. आमच्याकडे उत्पन्नाचा पुरावा कोणी मागितला नाही.

स्प्रिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जुना विद्यार्थी म्हणून नोंदणी लवकर मिळाली, वेटलिस्ट लागली नाही. एकच: ‘ऑनलाइन’ लिहिलेल्या बिझनेस लॉची अंतिम परीक्षा कॅम्पसवर होती. वेळापत्रकात कोर्सखाली बारीक अक्षरांत ते दिलेलं असतं, नोकरी किंवा लहान मूल असेल तर नोंदणीआधी वाचा. फॉल २०२५ चा इन्कम टॅक्स मात्र पूर्ण सर्टिफिकेटमधला सर्वांत उपयोगी कोर्स वाटला. सत्र संपता संपता आयआरएसच्या (फेडरल कर खात्याच्या) व्हीटा कार्यक्रमासाठी नावं घेतात: प्रमाणपत्र परीक्षा देऊन कमी उत्पन्नवाल्यांची रिटर्न्स फुकट भरून द्यायची. बिनपगारी काम, पण रेझ्युमेवर इथला पहिला अनुभव तोच लागतो. पगारी नोकरीला एच-४ वर ईएडी (काम करायचा परवाना) हवाच, तो कॅम्पसवरच्या कामालाही चुकत नाही.

२१ युनिटांची फी ९६६ डॉलर झाली, बाकीची शुल्कं वेगळी. जानेवारीत कॉलेजच्या पोर्टलवर १०९८-टी फॉर्म (शिक्षणाच्या फीची माहिती देणारा) येतो, तो टॅक्स भरताना काढून घ्या. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (शिक्षणाच्या खर्चावरची करसवलत) पात्र खर्चाच्या २० टक्के असतं, डिग्री न करता एकच कोर्स केला तरी चालतं. उत्पन्नाची मर्यादा आहे, ती त्या वर्षीची तपासा.

शेवटचं काम बरेच जण विसरतात. कोर्स पूर्ण झाले म्हणून सर्टिफिकेट घरी येत नाही, पिटिशन (सर्टिफिकेट मागणारा अर्ज) भरावी लागते आणि तिची मुदत आमच्याकडे ऑक्टोबरमध्येच संपत होती. मध्ये खंड पडला नसेल तर तुम्ही सुरुवात केली त्या वर्षाच्या कॅटलॉगचे नियम लागू राहतात. आमच्या यादीत २०२५ ला एक नवा कोर्स सक्तीचा झाला होता, तो यामुळे करावा लागला नाही. पिटिशनवर कॅटलॉग वर्ष २०२४–२५ लिहिलं एवढंच. त्याच फॉर्मवर सर्टिफिकेटवर छापायचं नाव वेगळं विचारतात. तिथे पुन्हा पासपोर्ट उघडून शेजारी ठेवा.